अडथळ्याची उंची म्हणजे चुंबकाची स्थिरता नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत लँथॅनाइडच्या (डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारख्या दुर्मिळ-मृदा धातूंच्या) एकरेणू चुंबकांवर, म्हणजे एकटा रेणूच चुंबकासारखा वागतो अशा संयुगांवर, पूर्ण पानाचा लेख आला. विषय निवडलात हे उत्तमच. पण लेखासोबतच्या तक्त्यात २०१७ च्या डिस्प्रोसियम संयुगापुढे १७६० आणि २०१८ च्या संयुगापुढे १५४१ असे अडथळ्याचे, म्हणजे चुंबकन उलटायला लागणाऱ्या ऊर्जेचे, आकडे छापून खाली 'विक्रम पुढे सरकला नाही' अशी टीप दिली आहे. विक्रम चांगलाच सरकला होता. पहिला आकडा केल्विनमधला आहे आणि दुसरा वेव्हनंबरमधला, म्हणजे प्रति सेंटिमीटर. एक वेव्हनंबर म्हणजे १.४३९ केल्विन. दोन्ही आकडे एका एककात आणले तर २०१७ चा अडथळा १२२३ आणि २०१८ चा १५४१ वेव्हनंबर भरतो. केल्विनमध्ये अनुक्रमे १७६० आणि २२१७.

एककांची ही गल्लत परिषदांतल्या भाषणांतही होते, त्यामुळे तिचे फार मनावर घ्यायला नको. आमचा खरा आक्षेप तक्त्याच्या मांडणीला आहे. ऊर्जेचा अडथळा जितका उंच तितका चुंबक स्थिर, असे धरून सगळी संयुगे अडथळ्याच्या उतरत्या क्रमाने लावली आहेत. हा निकष किती फसवा आहे ते त्याच तक्त्यात दिसते. २०१६ मध्ये आलेल्या, दोन टर्शरी-ब्युटॉक्साइड आणि पाच पिरिडीन असलेल्या डिस्प्रोसियम आयनाचा अडथळा सुमारे १८१५ केल्विन आहे, २०१७ च्या मेटॅलोसीनचा (दोन कार्बनी वलयांमध्ये धातू धरलेल्या संयुगाचा) १७६०. म्हणजे जवळपास सारखेच. पण पहिल्याचे हिस्टेरिसिसचे वेटोळे (क्षेत्र पुढे-मागे नेल्यावर चुंबकनाच्या आलेखात उरणारी मोकळी जागा, म्हणजे चुंबकन टिकल्याची खूण) १४ केल्विनपर्यंतच उघडे राहते, तर दुसऱ्याचे ६० केल्विनपर्यंत. अडथळा तेवढाच असताना तापमानात चौपट फरक कशामुळे पडला, हे त्या लेखात यायला हवे होते. ते आलेले नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी अडथळा म्हणजे काय ते थोडक्यात. डिस्प्रोसियमच्या त्रिसंयुजी आयनात ४एफ कवचात नऊ इलेक्ट्रॉन असतात आणि एकूण कोनीय संवेग १५/२ असतो. आजूबाजूच्या लिगंडांच्या (धातूला जोडलेल्या अणू-गटांच्या) विद्युतक्षेत्रामुळे या संवेगाच्या १६ अवस्थांच्या आठ जोड्या होतात. सर्वांत खालच्या जोडीत चुंबकीय आघूर्ण अक्षाच्या वरच्या किंवा खालच्या टोकाकडे असते, त्याचे मूल्य सुमारे १० बोर मॅग्नेटॉन. या जोडीतल्या डिस्प्रोसियमचा इलेक्ट्रॉन-ढग चपटा असतो, म्हणून ऋण प्रभार अक्षाच्या दोन टोकांना हवा आणि मधला पट्टा शक्यतो मोकळा हवा. अर्बियमचा ढग लांबट, त्याला नेमके उलटे हवे. टर्बियमही चपट्यांतलाच, पण त्याच्याकडे आठ, म्हणजे सम संख्येने इलेक्ट्रॉन आहेत. त्यामुळे रेणूची सममिती जरा ढळली की वरची आणि खालची अवस्था आपोआप मिसळतात. डिस्प्रोसियमची इलेक्ट्रॉनसंख्या विषम असल्याने क्रॅमर्सच्या नियमाचे संरक्षण (चुंबकीय क्षेत्र नसताना या दोन अवस्था मिसळत नाहीत) त्याला मिळते, आणि या क्षेत्रात त्याची चलती आहे ती बरीचशी यामुळेच.

वरून खाली उलटायला आघूर्णाला या जोड्यांच्या पायऱ्या चढून पलीकडे उतरावे लागते. याला ऑर्बाख प्रक्रिया म्हणतात आणि अडथळ्याचा आकडा फक्त तिचाच. उलटायचे आणखी दोन मार्ग आहेत. एक रामन प्रक्रिया: जाळीतला एक फोनॉन (कंपनाचा ऊर्जा-कण) शोषला जातो, दुसरा उत्सर्जित होतो, पायऱ्या चढाव्या लागतच नाहीत. दुसरा क्वांटम टनेलिंगचा, अडथळ्याच्या बुडातून थेट पलीकडे. तापमान उतरते तसा ऑर्बाखचा वेग घातांकी रीतीने कोसळतो, रामनचा तापमानाच्या एखाद्या घाताने बेताबेताने कमी होतो आणि टनेलिंगचा तर बदलतच नाही. त्यामुळे थंड नमुन्यात चुंबकन किती टिकणार हे रामन आणि टनेलिंग ठरवतात. पाच पिरिडीनवाल्या संयुगात तेच झाले. मेटॅलोसीनमध्ये धातूला दोन ताठ वलयांनी घट्ट धरलेले असते आणि धातूच्या हालचालीशी जुळणारी कमी ऊर्जेची कंपने थोडी असतात, म्हणून तिथे रामन मंदावते. २०१७ च्या संयुगातल्या प्रत्येक वलयावर दोन कार्बन-हायड्रोजन बंध शिल्लक होते. २०१८ च्या संयुगात एका वलयावर पाच आयसोप्रोपिल आणि दुसऱ्यावर पाच मिथिल गट आहेत, म्हणजे वलयाला थेट जोडलेला हायड्रोजन एकही नाही. त्याचे हिस्टेरिसिस ८० केल्विनपर्यंत, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्या वर गेले.

आता कपलिंगकडे, म्हणजे एका रेणूतल्या आयनांच्या आघूर्णांच्या परस्परबंधनाकडे, येऊ. आपल्या लेखात यावर एकच वाक्य आहे, 'आयन जास्त जोडले की चुंबक बळकट होतो'. ते अर्धवट खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात अनेक प्रयोगशाळांची वर्षे गेली आहेत.

४एफ कवच ५एस आणि ५पी कवचांच्या आत दडलेले असते, त्यामुळे लिगंडांशी त्याचे आच्छादन नगण्य. ऑक्सिजन किंवा क्लोरीनच्या साध्या पुलाने दोन लँथॅनाइड जोडले तर त्यांच्यातील विनिमय कपलिंग बहुधा एका वेव्हनंबरच्याही आत राहते. डिस्प्रोसियमच्या जोडीत मग द्विध्रुवांची अंतराळातली ओढच त्याच्या बरोबरीची किंवा मोठी ठरते. हिशोब सोपा आहे. प्रत्येकी १० बोर मॅग्नेटॉनची दोन आघूर्णे ३.५ अँगस्ट्रॉम अंतरावर, त्यांना जोडणाऱ्या रेषेच्याच दिशेत असतील, तर समांतर राहिल्याने सुमारे २ वेव्हनंबर ऊर्जा वाचते. एका आयनाला दुसऱ्याचे जाणवणारे क्षेत्र ०.४३ टेस्ला. आता तीच आघूर्णे जोडरेषेला काटकोनात उभी करा: ऊर्जा निम्मी होते आणि चिन्ह उलटते. दोघे परस्परविरुद्ध राहणे पसंत करतात, मूळ अवस्थेचे एकूण आघूर्ण शून्य होते आणि शून्य क्षेत्रात उरणारे चुंबकन नाहीसे होते. रेणू तोच, आयन तेच, अंतर तेच, फक्त अक्षांची दिशा बदलली. म्हणून दोन अक्ष एकमेकांशी आणि जोडरेषेशी किती अंशांत आहेत हे न सांगता 'कपलिंग आहे' एवढेच म्हटल्याने काहीच कळत नाही.

अक्ष एका रेषेत असतील तर दुर्बळ कपलिंगचाही फायदा होतो. एकट्या आयनाच्या वर-खाली अवस्था शून्य क्षेत्रात समान ऊर्जेच्या असतात आणि तिथेच टनेलिंगचे दार उघडे असते. शेजाऱ्याचे ०.४३ टेस्लाचे क्षेत्र हे दार शून्यावरून ०.४३ टेस्लापाशी सरकवते. शून्यात टनेलिंग व्हायचे तर आता दोन्ही आयन एकदम उलटावे लागतात, आणि ते फार विरळा घडते. हिस्टेरिसिसच्या वेटोळ्यात शून्यावरची पायरी नाहीशी होऊन बाजूला पायऱ्या दिसू लागतात त्या यामुळे. पण हा फायदा किती तापमानापर्यंत? एक आयन उलटायला लागणारी ऊर्जा दोन वेव्हनंबरच्या दुप्पट, म्हणजे चार वेव्हनंबर, सुमारे ५.८ केल्विन. नमुना पाच-सहा केल्विनला पोचला की ती वरची अवस्था भरू लागते, आयन एकेकटे उलटू लागतात आणि कपलिंगचे कवच गळून पडते. २ केल्विनला देखणे वेटोळे आणि २० केल्विनला सरळ रेषा, असे कितीतरी डायमर (दोन धातू-आयनांचे रेणू) प्रसिद्ध झाले आहेत; त्याचे एक मोठे कारण हे.

अक्ष तिरके असतील तर दुर्बळ कपलिंग चक्क नुकसान करते. शेजाऱ्याच्या क्षेत्राचा आडवा घटक वरची आणि खालची अवस्था मिसळतो. हा शेजारी त्याच रेणूतला असायलाही हवा असे नाही. स्फटिकात १० अँगस्ट्रॉम दूरचा रेणूसुद्धा अक्षाच्या दिशेत १८ मिलिटेस्ला आणि काटकोनात ९ मिलिटेस्ला क्षेत्र निर्माण करतो. शिवाय डिस्प्रोसियमच्या १६१ आणि १६३ या समस्थानिकांना, जे नैसर्गिक नमुन्यात मिळून सुमारे ४४ टक्के असतात, ५/२ केंद्रकीय स्पिन आहे. १६२ आणि १६४ ला तो नाही. क्रॅमर्सच्या नियमाने शून्य क्षेत्रात टनेलिंग बंद असायला हवे आणि तरी ते दिसते, त्याचे स्पष्टीकरण या दोन गोष्टींत आहे.

शेजाऱ्यांचा वाटा वेगळा काढण्यासाठी नमुना इट्रियममध्ये विरळ करतात. इट्रियमचा आयन डिस्प्रोसियमएवढाच (सहा-समन्वयी त्रिज्या ०.९०० आणि ०.९१२ अँगस्ट्रॉम) आणि अचुंबकीय. यात एक बारकावा नेहमी सुटतो. डायमरमध्ये ५ टक्के डिस्प्रोसियम घेतले आणि वाटणी यादृच्छिक झाली, तर ०.२५ टक्के रेणूंत दोन्ही जागी डिस्प्रोसियम, ९.५ टक्क्यांत एकच आणि उरलेल्या ९०.२५ टक्क्यांत दोन्ही इट्रियम येते. म्हणजे चुंबकीय रेणूंपैकी ९७ टक्क्यांहून अधिक एकट्या आयनाचे. असा नमुना कपलिंगरहित आयनाचे वर्तन दाखवतो, डायमरचे नव्हे. 'विरळ केल्यावर डायमर सुधारला' असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. आणि फ्लास्कमध्ये टाकलेले प्रमाण स्फटिकात उतरेलच याची खात्री नसते. आयसीपीने (धातूंचे प्रमाण मोजणाऱ्या प्लाझ्मा विश्लेषणाने) मोजून घ्यावे.

बळकट कपलिंग हवे असेल तर ४एफच्या खोल कवचाशी बोलू शकणारा, पसरलेला इलेक्ट्रॉन मध्ये आणावा लागतो. २०११ मध्ये जेफ्री लाँग आणि विल्यम इव्हान्स यांच्या गटांनी नायट्रोजनच्या त्रिऋण मूलकाने (सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या आयनाने) दोन लँथॅनाइड जोडले. गॅडोलिनियमला कक्षीय कोनीय संवेग नसल्याने कपलिंग मोजायला तो सर्वांत सोयीचा. त्यात पूल द्विऋण नायट्रोजनचा असताना कपलिंग स्थिरांक उणे ०.४९ वेव्हनंबर होता, त्याच पुलात एक इलेक्ट्रॉन वाढवून त्रिऋण मूलक केल्यावर उणे २७ झाला. एका इलेक्ट्रॉनने पन्नासपटींहून अधिक फरक. इथे उणे चिन्ह मूलक आणि धातू यांच्यातील विरुद्ध दिशेचे कपलिंग दाखवते. दोन्ही धातू मधल्या मूलकाच्या विरुद्ध, म्हणून एकमेकांना समांतर. त्याच सांगाड्यातल्या टर्बियम संयुगाचे वेटोळे सुमारे १४ केल्विनपर्यंत उघडे होते. अडथळा फक्त २२७ वेव्हनंबर! पाच पिरिडीनवाल्या संयुगाच्या पाचव्या हिश्शाहून कमी अडथळा आणि तापमान तेच. आपल्या तक्त्यात हे संयुग तळाला आहे.

हे आकडे वाचताना एक पथ्य पाळावे. काही जण हॅमिल्टोनियन (कपलिंगच्या ऊर्जेचे सूत्र; जे म्हणजे कपलिंग स्थिरांक) उणे दोन जे असे लिहितात, काही उणे जे, काही अधिक जे. पहिल्या पद्धतीतले २७ दुसऱ्या पद्धतीत ५४ होतात आणि तिसऱ्यात चिन्हही उलटते. वरचे आकडे पहिल्या पद्धतीतले आहेत. पद्धत न सांगता दिलेला कपलिंग स्थिरांक छापूच नये.

याच्या पुढची पायरी २०२२ ची. दोन डिस्प्रोसियम किंवा टर्बियम, त्यांच्यामध्ये तीन आयोडाइडांचा पूल, दोन टोकांना पाच आयसोप्रोपिल गटांची वलये, आणि दोन धातूंमध्ये वाटून घेतलेला एकच इलेक्ट्रॉन. तो ५डी कक्षकांपासून बनलेल्या सिग्मा बंधात राहतो. प्रत्येक धातूच्या आतच ४एफ आणि ५डी यांचा विनिमय जबर असल्याने हा एक इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंचे ४एफ स्पिन स्वतःच्या दिशेत वळवतो. गॅडोलिनियमच्या जुळ्या संयुगात कपलिंग अधिक ३८७ वेव्हनंबर आले. म्हणजे खोलीच्या तापमानालाही, जिथे औष्णिक ऊर्जा सुमारे २०८ वेव्हनंबर असते, हे स्पिन बरेचसे एकत्र बांधलेले. पडताळा सहज घेता येतो: दोन सुटे गॅडोलिनियम आणि एक सुटा इलेक्ट्रॉन असते तर चुंबकीय ग्राह्यता (क्षेत्राला मिळणारा चुंबकन-प्रतिसाद) गुणिले तापमान १६.१ घनसेंमी-केल्विन प्रति मोल आले असते; सगळे समांतर बांधून एकूण स्पिन १५/२ झाला तर ३१.९ यायला हवे. या मालिकेतल्या डिस्प्रोसियम संयुगाचे निग्राही क्षेत्र (चुंबकन शून्यावर आणायला लागणारे उलटे क्षेत्र) ६० केल्विनखाली १४ टेस्लाहून अधिक आहे. मोजणाऱ्या यंत्राचे क्षेत्र संपले, चुंबक उलटला नाही. या वर्गाचे कौतुक करायचे तर ते या गोष्टीचे करावे.

एकट्या आयनांच्या मेटॅलोसीनमध्ये असे नसते. तिथे शून्य क्षेत्राशी चुंबकन थोडेफार घसरते आणि वेटोळे कमरेपाशी आवळलेले दिसते. २०२५ मध्ये नेचरमध्ये आलेल्या डिस्प्रोसियम अमाइड-अल्कीन संयुगाचा अडथळा १८४३ वेव्हनंबर आणि वेटोळे १०० केल्विनपर्यंत. पण ते मृदू हिस्टेरिसिस आहे, हे शोधनिबंधाच्या शीर्षकातच लिहिलेले आहे. 'मृदू' हा शब्द बातम्यांत सहसा गळतो. तो गळला की कायम चुंबक आणि हळूहळू चुंबकन सोडणारा पदार्थ यांतला फरकही गळतो.

मोजमापाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण वाचकाला दिसणारे तापमानाचे आकडे तिथेच घडतात किंवा बिघडतात.

हिस्टेरिसिस कोणत्या तापमानापर्यंत उघडे, हे क्षेत्र किती वेगाने बदलले यावर अवलंबून असते. २०१८ च्या संयुगाचे ८० केल्विन हे सेकंदाला २५ ओर्स्टेड वेगाचे आहेत. त्याच संयुगाचे चुंबकन ढळायला १०० सेकंद लागतात ते तापमान ६५ केल्विन. दोन्ही आकडे खरे, दोन्हींना 'ब्लॉकिंग तापमान' म्हटले जाते, आणि एकाचे ८० दुसऱ्याच्या ६५ शेजारी ठेवून तुलना करणे चूक. तुलनेसाठी १०० सेकंदांची व्याख्या वापरणे बरे.

नमुना साधारण १५ ते २० मिलिग्रॅम घेऊन बारीक कुटतात आणि आयकोसेनमध्ये गोठवतात. हे मेण ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणून ४० अंशांच्या कोमट पाण्याने काम भागते. ते घातले नाही तर सुटे स्फटिक क्षेत्राच्या दिशेने स्वतःच वळतात. ग्राह्यता फुगते आणि खोटे वेटोळे दिसते. आयकोसेनचे वजन नोंदवले नाही तर त्याची प्रतिचुंबकीय वजाबाकी करता येत नाही. हवा सोसत नसलेले नमुने क्वार्ट्‌झच्या नळीत, निर्वातात, ज्योतीने बंद करतात. बंद नीट झाले नाही तर ५० केल्विनच्या आसपास एक उंचवटा येतो: तो गोठलेल्या ऑक्सिजनचा असतो, नव्या चुंबकीय संक्रमणाचा नव्हे. डिस्प्रोसियमच्या एका आयनासाठी खोलीच्या तापमानाला ग्राह्यता गुणिले तापमान १४.१७ च्या जवळ यायला हवे. १२ किंवा १६ आले तर पुढची मापने घेण्याआधी वजन, रेणुभार (स्फटिकातला द्रावक उडून गेला का?) आणि शुद्धता तपासावी. अतिवाहक चुंबक ७ टेस्लापर्यंत नेऊन परत आणला की पडद्यावर शून्य दिसले तरी नमुन्यापाशी काही दशक ओर्स्टेडचे क्षेत्र उरते, तेव्हा वीस-तीस ओर्स्टेडचे निग्राही क्षेत्र सांगणाऱ्या दाव्यावर विश्वास ठेवू नये.

शिथिलनाचा काळ (चुंबकन ढळायला लागणारा वेळ) काढायला दोन-तीन ओर्स्टेडचे दोलायमान क्षेत्र वापरतात. ०.१ ते १५०० हर्ट्‌झमध्ये १.६ सेकंदांपासून ०.१ मिलिसेकंदापर्यंतचे काळ पकडता येतात. त्याहून संथ असेल तर क्षेत्र बंद करून चुंबकन ढळताना पाहावे लागते. मग काळाचा लॉगॅरिदम तापमानाच्या व्युत्क्रमापुढे काढतात, आणि सर्वांत उष्ण टोकाकडचा सरळ भाग तेवढा ऑर्बाखचा. चार-पाच बिंदूंतून तिन्ही प्रक्रियांचे सगळे स्थिरांक एकदम बसवले की काहीही उत्तर मिळते. उलट तपासणी सोपी आहे: ऑर्बाखचा पूर्वस्थिरांक (घातांकी सूत्रात पुढे गुणलेला काळ) पिकोसेकंदांच्या किंवा काही दशक पिकोसेकंदांच्या पट्ट्यात यावा. तो मायक्रोसेकंदात आला असेल तर ती बहुधा रामन प्रक्रिया आहे, आणि छापलेला 'अडथळा' कुठल्याच पायरीशी जुळणार नाही. संगणकी पडताळ्यात नऊ इलेक्ट्रॉन सात कक्षकांत घेऊन आठ जोड्यांच्या ऊर्जा काढतात. मोजलेला अडथळा त्यांपैकी एखाद्या पायरीच्या जवळपास बसला पाहिजे.

रासायनिक स्थिरता हा स्थिरतेचा दुसरा अर्थ, आणि त्याबद्दल आपला लेख गप्प आहे. २०१७ चे मेटॅलोसीन बनवताना आधी दोन वलयांचे आणि एका क्लोराइडचे उदासीन संयुग करतात, मग बेंझीनमध्ये ट्रायएथिलसिलिलियमच्या क्षाराने तो क्लोराइड उपटून काढतात. मधल्या पट्ट्यात काहीच बसू नये म्हणून ऋण आयनही जवळ न येणारा घेतात, चार पेंटाफ्लुओरोफिनिल गटांचा बोरेट. इथे टेट्राहायड्रोफ्युरान चालत नाही. काचेला लागलेला त्याचा अंशही धातूला मधल्या पट्ट्यात चिकटतो, चपट्या ढगाला नको तिथे ऋण प्रभार मिळतो आणि अडथळा ढासळतो. पाणी आणि हवा तर संयुगच मोडतात. ग्लव्हबॉक्समध्ये दोन्ही एक पीपीएमच्या खाली हवीत. क्लोराइड पूर्ण निघाला नाही तर ते मिश्रण वेटोळ्यात शून्यापाशी पायरी म्हणून दिसते. मात्र शुद्ध संयुगालाही शून्यावर पायरी असू शकते, त्यामुळे पूड नमुन्याचा क्ष-किरण विवर्तन आलेख सोबत घेतल्याशिवाय अशुद्धीचा आरोप करू नये. मूलक-पूल आणि मिश्र-संयुजी (वर सांगितलेली, दोन धातूंत एक इलेक्ट्रॉन वाटून घेणारी) संयुगे त्याहून नाजूक, कारण ज्या एका इलेक्ट्रॉनमुळे कपलिंग आले तोच ऑक्सिजन आधी पळवतो.

याउलट २००३ मध्ये नाओतो इशिकावा आणि सहकाऱ्यांनी ज्याचे चुंबकीय वर्तन दाखवले ते टर्बियमचे दुहेरी थॅलोसायनीन हवेत टिकते, निर्वातात त्याचे संप्लवन होते (न वितळता थेट वाफ) आणि पृष्ठभागावर रेणूंचा एकेरी थर देता येतो. त्याचा अडथळा २३० वेव्हनंबर, तक्त्यात पुन्हा तळाला. एकेक रेणू पृष्ठभागावर ठेवून वाचायचे प्रयोग मात्र बऱ्याच अंशी याच्यावर झाले. मधल्या पट्ट्यात सहा नायट्रोजनांचे मोठे वलय आणि दोन टोकांना अल्कॉक्साइड किंवा सिलॉक्साइड असलेली डिस्प्रोसियम संयुगे हवेतही टिकतात आणि त्यांपैकी काहींचा अडथळा १००० केल्विनच्या वर आहे. वेटोळ्यात ती मेटॅलोसीनला गाठत नाहीत, पण बाटलीतून काढून वजन करता येते ही काही लहान गोष्ट नाही.

आता लेखातले शेवटचे भाकीत, 'पुढच्या टप्प्यात खोलीच्या तापमानाचा रेणूचुंबक'. यासाठी ऑर्बाखचे सूत्र पुरते. २०१८ च्या संयुगाचा पूर्वस्थिरांक सुमारे ४ पिकोसेकंद. फक्त ऑर्बाख धरला तर ७७ केल्विनला चुंबकन सुमारे १३ सेकंद टिकते आणि ३०० केल्विनला सुमारे ६.५ नॅनोसेकंद. पूर्वस्थिरांक १ पिकोसेकंद धरून ३०० केल्विनला १०० सेकंद हवे असतील तर अडथळा ९६७० केल्विन, म्हणजे ६७२० वेव्हनंबर लागतो. दहा वर्षांसाठी ९८०० वेव्हनंबरच्या वर. डिस्प्रोसियमची पुढची बहुकावस्था (एकूण कोनीय संवेगाचा वेगळा गट), १३/२ ची, सुमारे ३५०० वेव्हनंबरवरच सुरू होते, आणि लिगंडांचे क्षेत्र १५/२ च्या पायऱ्या दोन-अडीच हजारांपलीकडे क्वचितच ताणू शकते. एकट्या डिस्प्रोसियम आयनाने खोलीचे तापमान गाठणे या मार्गाने शक्य दिसत नाही. वाव आहे तो बळकट कपलिंगने अनेक आयन एका रेषेत बांधण्यात. तिथली अडचण वेगळी: आयनांची संख्या वाढली की सगळे अक्ष एका रेषेत ठेवणे अवघड होते, आणि एक अक्ष कलला तरी वर सांगितलेला आडवा घटक हजर होतो.

तक्ता पुन्हा छापणार असाल तर प्रत्येक संयुगापुढे इतके स्तंभ असावेत: अडथळा एकाच एककात, पूर्वस्थिरांक, १०० सेकंदांचे तापमान, वेटोळे उघडे असल्याचे तापमान आणि त्याच ओळीत क्षेत्रबदलाचा वेग, एखाद्या ठरावीक तापमानाचे निग्राही क्षेत्र, कपलिंग असल्यास स्थिरांक व हॅमिल्टोनियनची पद्धत, आणि संयुग हवेत टिकते की नाही. जागा कमी पडली तर अडथळ्याचा स्तंभ काढला तरी चालेल.

आपले,
अकार्बनी रसायनशास्त्राचे काही अध्यापक आणि संशोधक